देणे कुणाचे?

माझा पुतण्या जर्मनीत राहतो. नोकरी सोडून तो आता घरबसल्या कारखान्यांना यंत्रांविषयी सल्ला देतो. गिऱ्हाईक कधी पुण्याचे, कधी अमेरिकेचे. जूनच्या सुरुवातीस, पाऊस तोंडावर आलेला असताना, एका रात्री त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तो अवघडून म्हणाला, "काका, पुण्याचे पैसे तुमच्या खात्यावर घेतले तर? बिलही तुमच्याच नावाने करू. त्यातून तुमचे पत्रे बदलून टाका."

खोटे कशाला बोलू? पहिल्याने माझ्या डोळ्यांपुढे पत्रेच आले.

पोरगा लबाड नाही. नोकरीत असताना कर आधीच कापला जाई आणि हाती येई तो पैसा निखळ त्याचा असे. स्वतंत्र झाल्यावरही आलेली प्रत्येक रक्कम त्याने तशीच आपली मानली आणि खर्च केली. तिथे अशा माणसाचा पहिल्या वर्षाचा हिशेब होतो तो वर्ष उलटल्यावर. मग मागची बाकी एकदम भरायची आणि शिवाय पुढचे आगाऊ हप्ते सुरू : मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, दर वेळी 10 तारखेला. तो कागद हाती पडताच त्याचे धाबे दणाणले. त्यात त्याची समजूत अशी, की पुण्याच्या पैशावर दोन्ही सरकारे पुरता कर घेणार!

त्या रात्री मला झोप नाही. मनाशी म्हटले, पैसे इथेच राहणार, माझ्या नावावरचा कर इथे भरला जाणार. बुडाले तर जर्मनीचे बुडेल. जर्मनी आमची कोण? पुतण्या शिकला जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि सरकारी कॉलेजात, तेव्हा देणे असलेच तर ते इथले. हा युक्तिवाद मला फार गोड वाटला. पण मग त्याची मुलगी आठवली. ती तिथल्या सरकारी शाळेत जाते; फी एक पैसा नाही. तिच्या बाईंचा पगार कोण देतो? मी स्वतः अनुदानित शाळेतला मास्तर. ज्यांच्या करातून माझा पगार येतो त्यांनी कधी विचारले का, की हा आमचा कोण?

शिवाय बिलाची गोष्ट होतीच. मॅट्रिकपुढे न गेलेला मी. ज्या यंत्राचे नाव मला धड उच्चारता येत नाही, त्याविषयी सल्ला दिल्याची सही माझी! कादंबऱ्यांत मी पुष्कळ खोटी माणसे उभी केली, पण त्यांच्या नावावर कधी पैसे उचलले नाहीत.

सकाळी शेजारच्या हिशेबतपासनिसांकडे गेलो. ते हसले. दोन्ही देशांत करार आहे, म्हणाले. त्याने तिथल्या रहिवासाचा दाखला व इतर कागद दिले, की सल्ल्याच्या फीवर भारत 10 टक्क्यांहून जास्त घेत नाही, आणि ती रक्कम तिकडच्या करातून वजा मिळते.

पुतण्याला हे सांगितले, आणि नाहीही म्हटले. तो बराच वेळ गप्प राहिला. "पण मागची बाकी कशी भरू?" बाकी हप्त्याहप्त्याने भरू द्या असा अर्ज तिथे करता येतो, हे त्याला ठाऊक होते, मागायची लाज वाटत होती. अखेर केला त्याने अर्ज. आता पैसे आले, की त्यातला तिसरा हिस्सा तो त्याच दिवशी निराळ्या खात्यात टाकतो.

पावसाळ्यात आमच्या माजघरात दोन बादल्या ठेवाव्या लागल्या. त्यातली एक सरकवीत बायको म्हणाली, "घ्या, आले जर्मनीचे पाणी!"