उटणे हलक्या हाताने
त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर येतात आणि जुन्या आपोआप गळून पडतात. तरुण वयात हे चक्र साधारण 28 दिवसांचे असते. वय वाढते तसे ते लांबते. या कामाला थोडा हातभार लावणे, एवढेच उटण्याचे काम.

नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आधी अंगाला तेल चोळतात, मग उटणे लावतात. हा क्रम शहाणपणाचा आहे. तेलामुळे कण त्वचेवरून सरकतात, ओरखडे कमी पडतात. मसूर डाळीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा हे जिन्नस वस्त्रगाळ केलेले असावेत. चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहावी; खरखर लागली तर ती चेहऱ्याला वापरू नये.

चेहऱ्याची त्वचा नाजूक. तिथे दुधात कालवलेले उटणे बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट फिरवून कोमट पाण्याने धुवावे. वाळून कडक झाल्यावर खरवडू नये. आठवड्यातून एकदा पुरे. साखर, मीठ, लिंबाचा रस चेहऱ्यावर नको. टाचांना वजरी चालते, तीही पाय भिजवल्यावर. मधुमेह असणाऱ्यांनी ती टाळावी.

पिकलेली मुरमे, जखम, इसब किंवा उन्हाने भाजलेली जागा वगळावी. अंग टॉवेलने टिपून ओलसर त्वचेवरच मॉइश्चरायझर लावावे, उन्हात जाताना सनस्क्रीन. लाली किंवा आग होऊ लागली तर उटणे थांबवावे. त्रास टिकल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.