हिशेब कुणापुढे मांडायचा?

ज्ञान सर्वांना खुले असावे, यावर आता फारसे कुणी भांडत नाही. भांडण सुरू होते ते त्यापुढे. वर्तमानपत्रांचे बिल कुणी भरायचे, ग्रंथपालाला काय द्यायचे आणि जो पैसा देईल त्याचे किती ऐकायचे? बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या वाचनालयापुढे हा प्रश्न दर मार्चअखेर उभा राहतो. तिथले अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष बिनपगारी असतात. कुणी शाळामास्तर, कुणी शेतकरी, कुणी निवृत्त ग्रामसेवक. गेल्या पावणेदोनशे वर्षांत आपल्या समाजाने या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देऊन पाहिली. ती ओळीने तपासली तर एक गोष्ट दिसते. पैसा कुठून येतो यापेक्षा हिशेब कुणापुढे मांडावा लागतो, यावर संस्थेचा स्वभाव ठरतो.

पहिले उत्तर वर्गणीचे. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजी कारभाराखाली आले. कचेऱ्या, कोर्टे, शाळा आल्या आणि त्यांच्यामागोमाग वकील, मास्तर, कारकून यांची वाचनालये आली. जो वर्गणी देई तोच सभासद, तोच मतदार, तोच वाचक. हिशेब विचारणारा आणि पुस्तक नेणारा माणूस एकच असल्याने कारभार चोख राही. पण दार अरुंद होते. वर्गणी परवडणारा आणि वाचता येणारा वर्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, बहुतेक वरच्या जातींतला. ज्यांना त्या दारातून प्रवेश नव्हता त्यांच्यापर्यंत विचार पोचवले सत्यशोधकांनी, तेही जलशांतून आणि गावसभांतून. महात्मा फुल्यांचे चरित्र १९२७ मध्ये लिहिणारे पंढरीनाथ पाटील याच बुलढाणा जिल्ह्यातले.

दुसरे उत्तर बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांची योजना आखली. तिची खरी हुशारी पैशाच्या वाटणीत होती. गावाने ठरावीक रक्कम जमवली की तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच दरबाराने. म्हणजे गावाचा एक रुपया तीन रुपये होई, पण तो पहिला रुपया गावानेच काढायचा. जिथे लोकांना वाचनालय नको तिथे ते लादायचे नाही आणि जिथे हवे तिथे गरिबीमुळे अडू द्यायचे नाही. फुकट वाचायला देणे आणि फुकटात वाचनालय उभे करून देणे यांतला फरक दरबाराने ओळखला होता.

तिसरे उत्तर वऱ्हाडाच्या शेजारी, नागपुरात शोधले गेले. श्रीधर व्यंकटेश केतकरांना मराठीत ज्ञानकोश करायचा होता. राजाश्रय नाही, विद्यापीठ पाठीशी नाही. त्यांनी ज्ञानकोश मंडळ लिमिटेड ही चक्क कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव आगाऊ वर्गणीदार मिळवले. पुढे काम पुण्याला हलले आणि १९२०च्या दशकात तेवीस खंड पुरे झाले. भागधारकांना वेळापत्रक आणि हिशेब द्यायचा होता, त्या धाकाचा या वेगात वाटा असणारच. मात्र त्या ज्ञानाला किंमत होती, ते मोकळे नव्हते. इंटरनेटवर ते कुणालाही फुकट वाचता यायला आणखी पाऊण शतक जावे लागले. उलट सरकारी खर्चाने वाईत सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा त्यानंतर चार दशकांनी. तिथे पैशाची चिंता कमी होती, घाईही कमी होती.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये झाला, तेव्हा ही सगळी उत्तरे समोर होती. मद्रासने १९४८ मध्येच घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला होता, कर्नाटकनेही १९६५ मध्ये तोच रस्ता धरला. महाराष्ट्राने उपकर लावला नाही आणि गावची वाचनालये सरकारी खातेही केली नाहीत. संस्था लोकांची, सरकारचे फक्त अनुदान, अशी रचना ठेवली. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, घटना, आमसभा, ऑडिट, निवडणुकीनंतर चेंज रिपोर्ट. आणि मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान. उरलेले दहा टक्के संस्थेने वर्गणी, देणग्या, सभागृहाचे भाडे यांतून उभे करायचे. कागदावर ही बडोद्याची नात शोभते. फक्त गावाचा वाटा एक तृतीयांशाचा एक दशांश झाला होता.

या फरकानेच सगळे बदलले. नव्वद टक्के पैसा जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यामार्फत येतो म्हटल्यावर समितीचे तोंड गावाकडून बुलढाण्याकडे वळले. वाचकाला काय हवे यापेक्षा तपासणीत काय लागते याला महत्त्व आले. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, उपस्थितीच्या सह्या सगळे जागच्या जागी. वाचक असला तर उत्तम. काही ठिकाणी वाचनालय फक्त कागदावरच उरले. २०१२ मध्ये महसूल खात्याने राज्यभर पडताळणी केली ती यामुळेच. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणे आणि वर्गवाढ देणे वर्षानुवर्षे थांबले. शिक्षा लबाडांबरोबर प्रामाणिक समित्यांनाही भोगावी लागली.

आणि एवढे करून मिळत काय होते? सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला तीस हजार. २०२२ च्या अखेरीस साठ टक्के वाढ झाली, ते अठ्ठेचाळीस हजार झाले. त्यातले निम्मे वेतनावर, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार. त्याच्या वेतनश्रेणीसाठी समित्या नेमल्या गेल्या, अहवाल आले, शिफारशी पडून राहिल्या. इथे आपण दोन गोष्टींची गल्लत केली. संस्थेचा कारभार स्वयंसेवेने चालावा हे तत्त्व चांगले. पण स्वयंसेवा पदाधिकाऱ्याने करायची असते. ग्रंथपालाकडून ती सक्तीने करवून घ्यायची नसते.

मग इंटरनेट आले आणि वाटले, आता हा घोळ संपला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. लिहिणारे बिनपगारी, वाचणारे बिनवर्गणीचे, जाहिरात नाही. खर्च अमेरिकेतले विकिमीडिया फाउंडेशन जगभरच्या लाखो लहान देणग्यांतून भागवते. पण जुना प्रश्न तिथेही हजर झाला. देणगी देणारा वाचक कारभारात नसतो, लेख लिहिणाऱ्याच्या हातात पैसा नसतो. भारतातली शाखा २०११ मध्ये बंगळुरूत निघाली आणि २०१९ मध्ये फाउंडेशनने तिची मान्यता काढून घेतली. २०२४ मध्ये विकिमीडिया चळवळीने आपल्या कारभाराची सनद मतदानाला टाकली. लिहिणाऱ्यांचे मत अनुकूल, संलग्न संस्थांचेही अनुकूल. फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने ती नाकारली आणि सनद बारगळली. मंडळाकडे त्याची कारणे होती. तरी गावच्या वाचनालयाच्या सचिवाला हा प्रसंग सांगितला तर त्याला तो अनोळखी वाटणार नाही.

मग स्वयंसेवेवर मोठा कारभार उभाच राहत नाही का? राहतो, आणि त्याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. शेगावचे गजानन महाराज संस्थान १९०८ पासून समितीच्या हाती आहे आणि हजारो सेवेकरी आळीपाळीने येऊन तिथे बिनमोबदला राबतात. तिथे भक्ती आहे, वाचनालयाला ती कुठून आणायची, असे कुणी म्हणेल. म्हणणे खरे आहे. पण शेगावात भक्तीबरोबर आणखी एक गोष्ट आहे: देणारा, राबणारा आणि लाभ घेणारा हे तिघे एकाच पंगतीत बसतात. दिलेल्या पैशाचे काय झाले ते भाविकाला जेवणाच्या ताटात आणि स्वच्छ आवारात दिसते. त्यासाठी त्याला अहवाल वाचावा लागत नाही.

म्हणून अनुदान वाढवा ही मागणी रास्त असली तरी अपुरी आहे. ते वाढले पाहिजे आणि ग्रंथपालाच्या हातात जगण्याजोगे वेतन पडले पाहिजे. पण त्याबरोबर गावचा वाटाही मुद्दाम राखला पाहिजे, पैशाची गरज नसली तरी. जमाखर्चाचा कागद जिल्ह्याला जातो तसा वाचनालयाच्या फळ्यावरही लागला पाहिजे. आमसभेला कोरम भरत नाही, ही तक्रार प्रत्येक समिती करते. सभासद आळशी झाला म्हणून तो येत नाही असे नाही. त्याच्या वर्गणीवाचून संस्थेचे काही अडत नाही, हे त्याने ओळखले आहे.