दैव आणि सॉकेट

खंबाटकी घाटाखालच्या आमच्या खंडाळ्यात मी लॅपटॉप दुरुस्त करतो. गिऱ्हाईक यंत्र टेबलावर ठेवतं आणि निकालही आपणच देऊन टाकतं, "याच्या नशिबात आता काही उरलं नाही, दादा." दैव मोठं की प्रयत्न, हा कीर्तनातला वाद माझ्याकडे असा रोज दुरुस्तीला येतो.

परवा नायगावची एक मुलगी वडिलांबरोबर आली. भावाने वापरून सोडलेला 2011 सालचा लॅपटॉप. आत आय-थ्री 2310एम प्रोसेसर, 2.1 गिगाहर्ट्झचा. कॉलेजचं काम त्यावर रखडायचं आणि नव्याची ऐपत नव्हती. वडील म्हणाले, "जुनं ते जुनंच." पोरगी म्हणाली, "दादा, उघडून तर बघा."

उघडलं. वाळून कडक झालेली पेस्ट पुसली, सॉकेटचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि चिप अलगद सुटली. तिच्या जागी जुन्या बाजारातली आय-फाइव्ह 2520एम बसवली: 2.5 गिगाहर्ट्झची, गरज पडली तर 3.2 पर्यंत जाणारी. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळला की 988 पिना आपापल्या भोकांत उतरतात; जोर केला तर वाकतात. दोन्ही चिपा 35 वॅटच्या, त्यामुळे जुनाच पंखा पुरला. "चार कोअरची आय-सेव्हन का नको?" तिने विचारलं. ती 45 वॅटची. तेवढी उष्णता बाहेर फेकणं या पंख्याला झेपलं नसतं. उरलेल्या पैशांत एसएसडी टाकली, आणि खरं सांगायचं तर जास्त फरक तिनेच पडला.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना क्रिया आणि पाचवं दैव. दैव आहे, पण पाचांतलं एक. योगवासिष्ठ त्याही पुढे जातं: दैव म्हणजे पूर्वी केलेला प्रयत्नच, दुसरं काही नाही. मला ते पटतं, फक्त तो पूर्वीचा प्रयत्न दर वेळी आपलाच असतो असं नाही. ही चिप निघाली, कारण कुणा इंजिनिअरने तिला सॉकेट दिलं होतं. 2015 नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत ती बोर्डाला कायमची सोल्डर केलेली असते. यंत्र पातळ हवं ना! ठरवणारा कारखान्यात, भोगणारा खंडाळ्यात. एकाचा निर्णय दुसऱ्याचं दैव होऊन बसतो.

नायगावकरांना हे मी काय सांगावं? तिथे 3 जानेवारी 1831 ला सावित्रीबाई फुले जन्मल्या, तेव्हा मुलीच्या नशिबात अक्षर नसतं, असंच लोक धरून चालत. ते नशीब आभाळातून पडलं नव्हतं. माणसांनीच ते पक्कं करून ठेवलं होतं. म्हणून तर माणसांनाच ते बदलता आलं आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघू शकली.

तेव्हा नशिबाला बोल लावण्याआधी झाकण उघडून बघा. निघतं ते बदला. निघत नाही ते कुणी आणि कशासाठी पक्कं केलं, हे विचारा. आणि घरातल्या पोरीबाळींबद्दल काही ठरवताना, आपण त्यांचं दैव लिहितो आहोत, एवढं भान ठेवा.