सारफथची विधवा आणि शेजारची राज्ये

एलीया संदेष्टा अहाब राजापासून लपून राहत असता देवाने त्यास कोणा सावकाराच्या वाड्यात धाडिले नाही. सीमेपलीकडे सीदोन प्रांतातील सारफथ गावी एका विधवेकडे धाडिले. मडक्यात मूठभर पीठ व कुपीत थोडे तेल, इतकाच काय तो तिचा संसार. ही कथा आपणां सर्वांस पाठ आहे. तरी सुगीच्या सणात परक्या निराश्रितांसाठी काही द्यावे अशी गोष्ट निघाली की, “पाळकसाहेब, आमचेच आम्हांस पुरत नाही, ते काम श्रीमंत देशांचे,” असा बोल आमच्या कानी येतो. यास्तव मध्य अमेरिकेतील एक वृत्तांत आपणांपुढे ठेवितो.

१९८० च्या सुमारास ग्वाटेमाला, एल साल्वाडोर व निकाराग्वा या देशांत यादवी माजली होती. ग्वाटेमालात सैन्याने गावेच्या गावे जाळिली. तेथील सुमारे ४६ हजार लोक एकट्या मेक्सिकोत निर्वासित म्हणून नोंदले गेले. परंतु १९५१ च्या जागतिक कराराप्रमाणे निर्वासित कोण? तर वंश, धर्म, राष्ट्र, मत इत्यादी कारणांवरून ज्यास स्वतःचा छळ होण्याचे भय आहे तो. जिचे सारे गावच जळाले, त्या बाईने हे सिद्ध तरी कसे करावे? मेक्सिको तर त्या करारात २००० सालापर्यंत सामीलही नव्हता.

तेव्हा नोव्हेंबर १९८४ मध्ये कोलंबियातील कार्ताहेना या बंदरात दहा शेजारी देशांचे प्रतिनिधी व कायदेपंडित जमले. त्यांत धनाढ्य देश एकही नव्हता. सर्वत्र माजलेली हिंसा, परचक्र, यादवी अथवा मानवी हक्कांची सरसहा पायमल्ली यांमुळे ज्यांचा जीव धोक्यात आला, तेही निर्वासितच होत, असे त्यांनी जाहीर केले. आणि आश्रय देणे हे माणुसकीचे कृत्य आहे, त्यास शेजाऱ्याने वैर समजू नये, असेही म्हटले. या जाहीरनाम्यास कायद्याचे बंधन नव्हते. तरी पुढे त्या खंडातील पुष्कळ देशांनी ती व्याख्या आपापल्या कायद्यांत लिहून घेतली.

२००४ साली मेक्सिको शहरी हे देश पुन्हा बसले. त्या वेळी कोलंबियातून पळालेल्यांच्या भाराने इक्वेडोरचा खांदा वाकला होता. तेव्हा ब्राझील व चिली यांनी त्यांतील काही कुटुंबे आपल्याकडे नेऊन वसविण्याचे पत्करिले. निर्वासितांस काम, शाळा व औषधपाणी मिळावे म्हणून पुढे येणाऱ्या शहरांस ‘ऐक्यभावाची शहरे’ असे नाव दिले. यार्देनेच्या दोन्ही तीरांवर तीन तीन शरणपुरे होती, हे आपल्या उपदेशकबंधूंस सांगणे नको. (नाशिकच्या शरणपुरात गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकन मुले वाढली, हे वृद्धांनी ऐकिले असेलच.)

पुढे चक्र उलटे फिरले. ज्या व्हेनेझुएलाने लाखो कोलंबियनांस आसरा दिला होता, त्याचेच लोक उपासमारीने बाहेर पडले. २०२१ साली कोलंबियाने आपल्याकडे आलेल्या सुमारे १७ लाखांस दहा वर्षे राहण्याची व काम करण्याची वाट मोकळी केली. सर्वांनीच असे केले नाही. २०१९ साली पेरू व इक्वेडोर यांनी व्हिसाची अट घालून दार अर्धे लोटले. त्यांस आम्ही निर्दोष म्हणत नाही. परंतु सारफथची विधवाही प्रथम कचरली होती. उरल्या पिठाची भाकर मुलासोबत खाऊन मरावे अशी तिची तयारी होती, आणि तसे तिने संदेष्ट्यास तोंडावर सांगितले. तरी त्या पिठाची पहिली भाकर तिने त्याच्याच हाती दिली.