खापर कोणाच्या माथी?

एखादा माणूस अपयशी ठरला, म्हणजे नेमके काय झाले? त्याचे काम फसले, की तो माणूसच फसला? सिनेमाच्या धंद्यात या प्रश्नाचा निकाल पहिल्या शुक्रवारी लागतो आणि तो सहसा कोणी फिरवत नाही. कमाल अमरोही यांचे उदाहरण घेऊ. ते आमच्या जिव्हाळ्याचे आहे. त्यांचा शेवटचा चित्रपट पडला तेव्हा त्यांच्याबरोबर उर्दूलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले, आणि आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे.

अमरोहींनी उभ्या आयुष्यात चारच चित्रपट दिग्दर्शित केले. ‘महल’ (१९४९) जोरात चालला, ‘दायरा’ (१९५३) पडला. ‘पाकीजा’ (१९७२) लोकांनी डोक्यावर घेतला. मग १९८३ साली ‘रजिया सुलतान’ आला आणि कोसळला. त्यानंतर अमरोही दहा वर्षे जगले. १९९३ मध्ये ते वारले, पण त्या दहा वर्षांत त्यांनी दिग्दर्शित केलेला एकही नवा चित्रपट पडद्यावर आला नाही.

असे का होते? कवीची एक गजल फसली तर दुसरीला कागद आणि शाईच लागते. दिग्दर्शकाचे तसे नाही. तो दुसऱ्याच्या पैशावर स्वप्न पाहतो. त्या काळी सावकार व्याजाने रक्कम देई आणि वितरक आपापला प्रदेश आगाऊ विकत घेई. कित्येकदा ठरावीक रकमेची हमी देऊन, म्हणजे ‘मिनिमम गॅरंटी’वर. चित्रपट बसला की तो वितरकही बसे. पुढच्या वेळी तोच दिग्दर्शक दारात आला तर त्याने हात आखडता घेतला, यात आम्हाला अन्याय दिसत नाही. त्यालाही बायकामुले असतात. कलेवर प्रेम करा, पण घर गहाण टाकून करा, असे दुसऱ्याला सांगण्याचा हक्क आपल्याला नाही.

पण पैशाचा हिशेबही सगळ्यांना सारखा लागत नाही. राज कपूर यांचा ‘मेरा नाम जोकर’ १९७० मध्ये असाच कोसळला होता. चार तासांचा, दोन मध्यंतरांचा. तीन वर्षांत ते ‘बॉबी’ घेऊन पुन्हा उभे राहिले. लोक म्हणतात, त्यांच्यापाशी स्वतःचा स्टुडिओ होता. स्टुडिओ तर अमरोहींचाही होता, कमालिस्तान. फरक दुसरीकडे होता. राज कपूर तेव्हा पंचेचाळिशीत होते आणि त्यांनी नव्या चेहऱ्यांची, कोवळ्या प्रेमाची गोष्ट निवडली. अमरोही पासष्टीचे होते, आणि छोटे काही करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. वर १९८३ पर्यंत घरोघर रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ शिरू लागले होते.

‘रजिया सुलतान’मध्ये दोष नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. चित्रपट संथ आहे. दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० अशी जेमतेम चार वर्षे बसलेल्या त्या बाईची तडफ शोभिवंत चौकटींत हरवून जाते. हबशी याकूतच्या भूमिकेसाठी धर्मेंद्रच्या चेहऱ्याला फासलेला काळा रंग तर डोळ्यांना खुपतोच. (खय्याम यांच्या संगीताबद्दल मात्र वाद नको. जाँ निसार अख्तर १९७६ मध्ये गेले, म्हणून राहिलेली गाणी निदा फाजलींनी लिहिली. चित्रपट गेला, गाणी राहिली.) पण लोकांनी बोट ठेवले ते भाषेवर. उर्दू फार अवघड होती, म्हणून चित्रपट पडला!

हे कारण आम्हाला पटत नाही. ‘मुगल-ए-आझम’ची उर्दू काय सोपी होती? त्याच्या चार संवादलेखकांपैकी एक हेच कमाल अमरोही. १९६० साली त्या संवादांना टाळ्या पडल्या. ज्यांना शब्दांचा अर्थ लागत नव्हता त्यांनाही त्यांचा नाद कळला. चित्रपट चालला तेव्हा जी जबान नफीस होती, तीच चित्रपट पडल्यावर मुश्कील झाली. म्हणजे आधी निकाल लागतो आणि मग त्याला साजेसे कारण शोधले जाते. संथपणाचेही तेच. ‘पाकीजा’चे काम १९५६ मध्ये सुरू झाले आणि चित्रपट सोळा वर्षांनी लोकांसमोर आला. तेव्हा त्या संथपणाला सब्र म्हटले गेले. पुढे त्यालाच हट्ट म्हटले गेले.

‘पाकीजा’च्या यशात आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला जड जाते. चित्रपट फेब्रुवारीत लागला आणि ३१ मार्च १९७२ रोजी मीनाकुमारी गेली. सुरुवातीचा प्रतिसाद बेताचाच होता, तिच्या मृत्यूनंतर लोकांची रीघ लागली, असे जुने लोक सांगतात. एका मृत्यूने जे यश फुगले ते सगळे दिग्दर्शकाच्या गुणांच्या खात्यावर जमा करायचे, आणि जे अपयश काळाने, वयाने, व्हिडिओनेही आणले ते सगळे त्याच्या नावे टाकायचे? नियत तीच, मेहनत तीच. नतीजा आपल्या हाती नसतो, हे आपण घरी मुलांना सांगतो आणि बाहेर मात्र नतीजा पाहूनच माणसाला सलाम करतो.

तरी वितरक निदान एका माणसापुरता निकाल देतो. आपण त्याच्या भाषेवर, त्याच्या मागून येणाऱ्यांवरही देतो. आमच्या शाळांत हे दर जून महिन्यात घडते. मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला तर तो मुळातच हुशार होता. गणितात गेला तर उर्दू माध्यम. वर्गात गणिताला वर्षभर शिक्षक होता की नव्हता, मुलगा संध्याकाळी पॉवरलूमवर जात होता की नाही, हे कोणी विचारत नाही. मोठा एका विषयात गेला म्हणून पाचवीतल्या धाकट्याचा दाखला काढायला वडील येतात. त्या धाकट्याचे गणित चांगले असते, वडिलांनाही ते ठाऊक असते. दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाचा एक रकाना आहे. तिथे आम्ही लिहितो, पालकांच्या विनंतीवरून.