चार दिवस त्यांच्या रीतीने

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘जेवणाचे हाल नाही ना झाले?’ आणि ‘संडास-बाथरूमची सोय कशी होती?’ डोंगर, तळी, देवळे यांची चौकशी मागाहून होते. या प्रश्नांना हसण्याचे कारण नाही. पथ्यपाणी सांभाळणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाची सगळी सहल या दोन सोयींवर अवलंबून असते. गंमत अशी, की परका मुलूख समजून घ्यायलाही याच दोन प्रश्नांपासून सुरुवात करावी. आपण ते फक्त तक्रारीच्या सुरात विचारतो. तिथले लोक काय खातात, पाणी कुठून आणतात आणि त्यांची घाण शेवटी जाते कुठे, एवढे नीट विचारले तरी निम्मे गाव कळते.

लडाखचेच घ्या. हल्ली मराठी घराघरांतून कोणी ना कोणी लडाखला जाऊन आलेले असते. पँगाँगचे निळे पाणी, खार्दुंग लाची पाटी, मठाच्या पायऱ्या असे फोटो फोनवर येत राहतात. त्या फोटोंत सहसा न दिसणारी एक जागा आहे, ती म्हणजे लडाखी घरातला कोरडा संडास. चिंतनाला हा कसला विषय, असे वाटेल. पण त्या घरातली सर्वांत विचारपूर्वक बांधलेली खोली मला तीच वाटते.

लेहच्या आसपासच्या एखाद्या गावात घरगुती मुक्काम केला, की ती पाहायला मिळते. कच्च्या विटांच्या जाड भिंती, छताला पॉपलरचे वासे, वाशांवर विलोच्या काटक्या, गच्चीवर हिवाळ्यासाठी रचलेला चारा, असे ते घर. वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात छोटी खोली. जमिनीला चौकोनी भोक, शेजारी कोरड्या मातीचा ढीग आणि ढिगात खोचलेले फावडे. काम झाले, की फावडेभर माती त्या भोकातून खाली लोटायची. पाणी ओतायचे नाही. खाली एक बंद खोली असते आणि तिचे दार बाहेरून उघडते. चुलीतली राखही तिच्यातच पडते. साठलेले सगळे वाळते, कुजते, त्याचे खत होते आणि पेरणीच्या आधी ते शेतावर जाते. हवा इतकी कोरडी, की नीट वापरलेल्या अशा खोलीला फारसा वास येत नाही. वास येऊ लागतो तो कुणी बादलीभर पाणी ओतले तर.

आपल्याकडच्या काकू तिथे डोकावतात आणि नाकाला पदर लावतात. ‘अगं बाई, पाणीच नाही?’ काकूंचे चुकत नाही. पाण्यावाचून स्वच्छता आपल्या मनाला पटतच नाही. चार महिने धो धो पाऊस पाहत वाढलेल्या माणसांची स्वच्छतेची कल्पना पाण्याचीच असणार. लेहला मात्र वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १० सेंटिमीटर पडतो. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवसात याच्या दुपटीहून जास्त कोसळतो. त्यातून साडेतीन हजार मीटरची उंची आणि हिवाळ्यात उणे वीसपर्यंत उतरणारा पारा. नळात पाणी राहिले तर ते गोठते आणि नळ फुटतो. जमीन रेताड, खताला आसुसलेली. अशा ठिकाणी पिण्यासारख्या पाण्यात मैला कालवायचा आणि तो नदीकडे सोडायचा, ही आपली रीत त्या घरातल्या आजीला विचित्र वाटली तर नवल नाही. सवयींना कारणे दोन्हीकडे आहेत. तिला तिचे कारण ठाऊक आहे. आपल्या फ्लशचे पाणी कुठल्या धरणातून येते आणि कुठल्या नाल्याला मिळते, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

पाण्याचे कारण एकदा लक्षात आले, की गावातल्या बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडू लागतात. शेताशेतांतून फिरणारे पाट दिसतात. एक माणूस कुठे दोन दगड काढतो, कुठे मातीचा गोळा लावतो आणि पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवतो. हा चुरपोन. पाण्याच्या पाळ्या सांभाळायला गावानेच नेमलेला माणूस. जव पेरलेल्या शेताला पाणी कधी आणि किती वेळ, हे तो पाहतो. मराठी माणसाला इथे आपल्या धुळे-नाशिककडची फड पद्धत आठवायला हवी. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या असेच पाणी वाटून घेतले. तिथेही पाटकरी होता, हवालदार होता, जागल्या होता. लडाखला गेल्यावर चुरपोनचे कौतुक जरूर करावे. पण परत आल्यावर आपल्या पाटकऱ्याचे काय झाले, हेही विचारावे. परमुलखात काही आवडले, की ते उचलून घरी आणण्याची घाई होते. त्याआधी आपल्या घरातले तसे काही आपण कुठे टाकून दिले, ते शोधले तर जास्त हाती लागते.

रोजच्या साध्या गोष्टीकडे पाहण्याने काय साधते, याचा दाखलाही याच मुलखात आहे. चेवांग नोर्फेल हे लडाखचे स्थापत्य अभियंता. तिथली शेतकऱ्याची अडचण अशी, की पेरणी एप्रिल-मेमध्ये करावी लागते आणि उंचावरच्या हिमनद्या जूनच्या सुमारास वितळू लागतात. हिवाळ्यात ओढ्याचे पाणी वाहून वाया जाते आणि नेमके हवे तेव्हा मिळत नाही. कडाक्याच्या थंडीत नळ फुटू नये म्हणून लोक तो थोडा चालू ठेवतात. अशाच एका नळाचे वाहते पाणी सावलीत, संथ झाले तिथे गोठलेले नोर्फेल यांनी पाहिले. गावातल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी पाहिले असणार. नोर्फेल तिथे थांबले. हिवाळ्यातले पाणी डोंगराच्या सावलीच्या बाजूला वळवायचे, दगडी बांधांनी त्याचा वेग मोडायचा आणि थरावर थर गोठू द्यायचे, अशी त्यांची युक्ती. हा बर्फ गावाजवळ, कमी उंचीवर असल्यामुळे लवकर वितळतो आणि पेरणीला पाणी मिळते. या कृत्रिम हिमनद्यांसाठी २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाकडून असा शोध लागावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण गळक्या नळापाशी थोडे थांबण्याची सवय लावून घेता येते.

स्वयंपाकघराचीही अशीच रीत आहे. लडाखी घरातली मोठी, ऊबदार खोली तीच. मधोमध नक्षीची चूल, भिंतीवरच्या फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी, भिंतीच्या कडेने बैठका आणि समोर ठेंगणी मेजे. मानाची जागा चुलीजवळची, म्हणून वडीलधारी माणसे तिकडे बसतात. घरच्या बाईला सगळे आमा-ले म्हणतात. आमा म्हणजे आई, आणि मागे लावलेला ‘ले’ आदराचा. आमा-ले चहा ओततात. लाकडी उभ्या नळकांड्यात घुसळलेला, लोणी आणि मीठ घातलेला हा चहा. दूध-साखरेच्या चहाची अपेक्षा ठेवून घोट घेतला तर तोंड वाकडे होते. पातळ, खारट, तुपकट कढण समजून घेतला तर अंगात ऊब उतरते, आणि त्या कोरड्या थंडीत माणसाला लोणी-मीठ कशासाठी लागते, हे न सांगता कळते. एक घोट झाला, की आमा-ले पुन्हा काठोकाठ भरतात. नको म्हटले, की आणखी आग्रह. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणे तिथेही बरे दिसत नाही. कोकणात किंवा देशावर लग्नाच्या पंगतीत जेवलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पुरे झाले असेल तर कप भरलेलाच राहू द्यावा आणि उठताना संपवावा. एवढी रीत कळली, की भाषेवाचूनही त्या चुलीपाशी दोन तास आनंदात जातात.

आता यातली अडचण. लडाख १९७४ साली पर्यटकांना खुले झाले. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साधारण पावणेतीन लाख होती. अलीकडे एकेका वर्षात त्याहून जास्त पर्यटक येऊन गेले आहेत. प्रत्येकाला फ्लश हवा, दिवसातून एकदा तरी गरम पाण्याचा शॉवर हवा, चादर रोज धुतलेली हवी. हॉटेलवाला काय करणार? तो बोअर मारतो, टाकी बसवतो आणि सांडपाणी शोषखड्ड्यात सोडतो. वरून उपसायचे तेही त्याच जमिनीतून आणि खाली मुरवायचे तेही तिच्यातच. आपल्यापैकी कोणीही लेहचे वाईट चिंतून गेलेले नसते. आपण फक्त आपल्या सवयीची सोय मागतो. पण एकाची सवय हजारो पाहुण्यांनी मागितली, की ती गावाची व्यवस्था होऊन बसते आणि पाहुणे गेल्यावरही मागे उरते.

हे आपल्याला कळायला अवघड जाऊ नये, कारण आपणही यजमान आहोत. तारकर्ली-वेंगुर्ल्याकडच्या घरगुती खानावळीत ताजी मासळी, सोलकढी, तांदळाची भाकरी समोर असताना पाहुणा पनीर बटर मसाला मागतो, तेव्हा चुलीपाशी उभ्या असलेल्या वहिनी काही बोलत नाहीत. पुढच्या हंगामात मात्र फळ्यावर पनीर लिहिलेले असते. मग तिसरा पाहुणा म्हणतो, ‘काय हो, कोकणात सुद्धा पनीरच!’ गोव्याच्या किनारपट्टीवरच्या लोकांना या विषयावर विचारले तर ते बरेच काही सांगतील.

तेव्हा परक्या गावी आपली सवय किती न्यायची आणि किती घरी ठेवायची, हा प्रश्न शिष्टाचाराच्या पुढचा आहे. औषधे न्यावीत, पथ्य पाळावे, आजारी माणसाने वरणभातच खावा. त्यात कमीपणा नाही. काही सहलींत आपला स्वयंपाकी बरोबर नेतात, तेही वृद्धांसाठी समजू शकते. पण धडधाकट माणसाने साऱ्या मुक्कामात एकदाही ‘खंबीर’ ही तिथली रोटी आणि जर्दाळू चाखू नये, बाटलीबंद पाण्याखेरीज कशाला हात लावू नये आणि वर ‘तिथे खायला काही मिळत नाही’ असे सांगत यावे, हे मात्र पटत नाही. बादलीभर पाण्यात अंघोळ होते. एक दिवस अंघोळ राहिली तर त्या थंडीत कोणाचे काही बिघडत नाही. पाणी उकळून किंवा गाळून आपल्या बाटलीत भरून मिळत असेल तर ते घ्यावे. आणि वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत फावडेभर माती लोटायला दोन क्षण लागतात.

उलट बाजूचा मोहही टाळायला हवा. परत आल्यावर काही जण इतके भारावतात, की लडाखी माणसाने आहे तसेच राहावे, असे म्हणू लागतात. हा सल्ला आपल्या घरी गीझर लावून बसलेल्या माणसाने देऊ नये. खताची ती खोली उपसणे, खत पाठीवरून शेतावर नेणे, उणे वीसमध्ये ओढ्यावरून पाणी आणणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते करणाऱ्यांना त्याचे कवित्व वाटत नाही. शिकायला जम्मू-चंडीगढला गेलेल्या त्यांच्या मुलांना नळ हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे. काय ठेवायचे आणि काय बदलायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. आपल्याकडून एवढेच व्हावे, की हा निर्णय आपल्या चार दिवसांच्या सोयीसाठी त्यांच्यावर लादला जाऊ नये.

चांगला प्रवासी कसा ओळखावा? किती देश पाहिले, किती घाट ओलांडले, याची यादी तो देईलही. पण खरे प्रमाणपत्र यजमानाकडचे. या माणसासाठी आपल्याला घरात काय काय बदलावे लागले, याचा हिशेब त्या आमा-ले किंवा मालवणच्या वहिनी मनात करतातच. ज्याच्यासाठी काही बदलावे लागले नाही, त्याला पुढच्या वेळी चुलीजवळची जागा मिळते.