करवत आणि मजुरी

जे काम आपण कधी हाताने केले नाही, त्याचे मोल ठरविण्याचा अधिकार आपणांस आहे काय? हा प्रश्न आम्हांस अंबाजोगाईस पडला, तो एका खिडकीच्या चौकटीपायी. सुताराने सांगितलेली मजुरी आम्हांस अधिक वाटली, आणि पन्नाशीत प्रथमच आम्ही करवत हाती घेतली. लाकूड बाभळीचे, म्हणजे चिवट. आम्ही रेघ ओढून जोर लावला. करवत अडकली आणि रेघ सोडून भलतीकडे गेली.

अखेर त्या सुतारानेच रीत दाखविली. अंगठ्याचा आधार देऊन पाते प्रथम हळूच मागे ओढावे व खाच पाडावी. मग रेघेवर नव्हे, तर टाकाऊ अंगाने, रेघ राखून कापावे. दात आळीपाळीने डाव्याउजव्या अंगास वळविलेले असल्यामुळे पात्याहून रुंद वाट पडते. तेवढ्या लाकडाचा भुसा होणारच. जोर तर मुळीच नको.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला. आमच्या वर्गाने तो वाखाणला, आणि मुले मात्र कारकुनीकडेच धाडली! आता करवत हाती धरून श्रमाची प्रतिष्ठा कळल्याचा दावा करावा, तर तोही खोटा. आमची फळी बिघडली तर घरात हसे होते. त्याची बिघडली तर दिवसाची मजुरी बुडते. हा भेद छंदाने मिटत नाही.

चौकट शेवटी त्यालाच दिली. मजुरी त्याने पूर्वीइतकीच सांगितली. या खेपेस आम्ही काही बोललो नाही.